तीन चाळीसची गाडी

पाच डब्यांची गाडी आणि तिच्यावर कर्मचारी दोनच, पुढे ड्रायव्हर आणि मागे गार्ड. मध्ये शे-दीडशे पावलांचं अंतर आणि बोलायला एक वॉकीटॉकी. बाकीच्या जोड्या त्या वॉकीटॉकीवर जगाच्या गप्पा मारायच्या. कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाची सून रुसलीय, कुणाची बढती कुणी खाल्ली. ही जोडी मात्र नियमाच्या पुस्तकाबाहेर एक अक्षर बोलत नव्हती. कारण पुढचा ड्रायव्हर हा मागच्या गार्डचा मेहुणा होता, आणि गेली नऊ वर्षं दोघं एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नव्हते.

नऊ वर्षं हे निभावलं ते डेपोतल्या म्हाताऱ्या कारकुनामुळे. ड्यूटीचे तक्ते तो हाताने लिहायचा. त्याच्या कानावर कुणीतरी घातलं होतं, ह्या दोघांना एका गाडीवर टाकू नका. तो काही न विचारता तसं करत राहिला. मग तो निवृत्त झाला आणि तक्ते संगणक काढू लागला. संगणकाला नातीगोती कुठली कळायला! पहिल्याच महिन्यात त्याने दोघांना सकाळच्या पॅसेंजरवर एकत्र आणून ठेवलं.

गार्डला डेपोत सगळे 'टाइमटेबल' म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. छप्पन्न वर्षांचा, काटकुळा माणूस. गाडी एक मिनिट उशिरा सुटली तर याला दुपारचा डबा गोड लागत नसे. राहायला स्टेशनमागच्या वसाहतीत दोन खोल्या. मूलबाळ नव्हतं. बायको गेल्यापासून त्याने आतली खोली फक्त झाडायला उघडली. बाहेरच्या खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि एक स्टोव्ह होता. खुर्ची एकच का, असं विचारायलाही कधी कुणी आलं नाही.

बायको गेली त्या दिवशी तो गाडीवर होता. मधल्याच एका स्टेशनवर स्टेशनमास्तर कागद घेऊन धावत आला, 'पत्नीला दवाखान्यात हलवलं आहे, ताबडतोब या.' बदली गार्ड अडीच तास पुढच्या जंक्शनवर होता. गाडीत चारशे माणसं होती. गार्डशिवाय गाडी हलत नाही हा नियम, आणि गाडी मध्येच सोडून जाणं त्याच्या डोक्यातही आलं नाही. त्याने झेंडा दाखवला. जंक्शनवर उतरून मिळेल त्या वाहनाने तो उलटा आला तेव्हा सगळं आटोपून चाळीस मिनिटं झाली होती. दवाखान्याच्या बोळात तिचा थोरला भाऊ भिंतीला टेकून उभा होता. तो एवढंच म्हणाला, "गाडी वेळेवर पोचली ना? मग झालं तर."

त्यानंतर दोघांत बोलणं नाही.

आता रोज सकाळी सव्वानऊला वॉकीटॉकीत तोच आवाज यायचा. "गार्ड, ड्रायव्हर तयार." आणि हा म्हणायचा, "ड्रायव्हर, गार्ड तयार. ऑल राइट." आधी आधी तो आवाज त्याला ऐकवत नसे, कारण तिच्या आणि तिच्या भावाच्या बोलण्यात एक हेल सारखाच होता. 'तयार'मधला 'या' दोघंही जरा लांबवत. पुढे पुढे तो त्या तीन शब्दांची वाट पाहू लागला. हे त्याने कबूल केलं नसतं, पण सुट्टीच्या दिवशी सव्वानऊ वाजले की त्याचा हात उगाच कमरेवरच्या वॉकीटॉकीच्या रिकाम्या जागेकडे जायचा.

तिसऱ्या आठवड्यात त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. गाडी सिग्नलांपाशी चाचरत होती. हिरवा असताना वेग कमी व्हायचा, सिग्नल अगदी नाकासमोर आला की परत वाढायचा. एकदा एका छोट्या स्टेशनवर पहिला डबा फलाटाच्या पुढे गेला आणि दोन बायांना खडीवर उतरावं लागलं. गार्डने आपल्या वहीत 'ब्रेक उशिरा लागला' असं लिहिलं आणि वही मिटली. अकरा महिन्यांत निवृत्त व्हायचा माणूस, वयपरत्वे हात जड झाला असेल, असं त्याने मनाला समजावलं. खरं म्हणजे त्या माणसाबद्दल वाईट लिहिण्याची त्याला भीती वाटत होती. लोक काय म्हणतील ही एक भीती, आणि आपल्याला त्यात बरं वाटेल की काय ही दुसरी.

मग तो मंगळवार आला. आभाळ भरलेलं, ऊन कुठे नावालाही नाही. साडेअकराच्या सुमाराला गाडी लांबलचक वळणावर होती. वळणावर गार्डने दारातून बाहेर वाकून गाडी बघायची असते, तसा तो वाकला होता. तिथून पुढचा रस्ता आणि फाटक सरळ दिसायचं. फाटकाचा दांडा अर्ध्यावर अडकलेला होता. रुळांच्या मधोमध फाटकवाली बाई उभी होती आणि दोन्ही हातांनी लाल झेंडा फडकावत होती. तिच्या मागे एक पिवळी बस रुळांवर चढत होती.

गाडीचा वेग तसूभरही कमी झाला नाही.

"ड्रायव्हर, पुढे लाल! ड्रायव्हर!" एवढं ओरडून उत्तराची वाट न बघता गार्डने आणीबाणीचा ब्रेक खाली ओढला. चाकं किंचाळली. आतल्या माणसांच्या पिशव्या, डबे, छत्र्या खाली कोसळल्या. तो स्वतः लोखंडी पेटीवर आपटला आणि कोपर फोडून घेतलं. उठून बघतो तर गाडी थांबली होती.

नियमाप्रमाणे त्याने मागच्या बाजूला लाल झेंडा लावला, कंट्रोलला कळवलं आणि खडीवरून पुढे निघाला. प्रवासी खिडक्यांतून विचारत होते, काय झालं, काय झालं. "काही नाही, बसा," तो म्हणत होता.

इंजिनाचं तोंड रस्त्याच्या बरोबर मध्ये होतं. बस पलीकडे निसटून जेमतेम तीस पावलांवर उभी होती. फाटकवाली खाली उभी राहून ड्रायव्हरला झाडत होती.

"डोळे काय घरी ठेवून आलास? अरे, हातभर झेंडा आहे हा, रुमाल नाही! बाजूला उडी मारली म्हणून वाचले मी! बसमध्ये चाळीस लेकरं आहेत, चाळीस!"

ड्रायव्हर खिडकीत बसला होता. पांढराफटक. नऊ वर्षांत गार्ड त्याला पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होता. केस सगळे पिकले होते. नाकाची ठेवण मात्र अजून तिच्यासारखीच.

"ऊन डोळ्यावर आलं एकदम," ड्रायव्हर म्हणाला.

गार्डने वर पाहिलं. आभाळ कांबळ्यासारखं जाड होतं. तेवढ्यात बसच्या मागच्या काचेत मुलांचे चेहरे गोळा झाले. आपण कशातून वाचलो याचा त्यांना पत्ताही नव्हता. सगळी मिळून आगगाडीला हात करत होती.

"मुलं हात करतायत तुम्हाला," गार्ड म्हणाला.

ड्रायव्हरने हसायचा प्रयत्न केला आणि हात वर केला. बस उजवीकडे उभी होती. त्याने हात डावीकडे हलवला.

गार्डने बसकडे पाहिलं, मग त्या हाताकडे. ड्रायव्हरलाही कळलं असावं. हात खाली घेऊन तो समोरच्या काट्यांकडे बघत बसला.

"चला," थोड्या वेळाने तोच म्हणाला. "माणसं खोळंबलीत."

तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पुढे चौकशीत गार्डने हे स्वतःहून सांगितलं. पण शेवटचं स्टेशन चौदा किलोमीटरवर होतं, आणि मध्ये रानात गाडी उभी ठेवून करायचं काय, हेही होतं. तो मागे आला आणि त्याने झेंडा दाखवला. मग त्याने अशी गोष्ट केली जी कुठल्याच पुस्तकात नव्हती. दारातून कमरेपर्यंत बाहेर वाकून तो वॉकीटॉकीवर बोलू लागला.

"ड्रायव्हर, पुढचा सिग्नल हिरवा."

उत्तर नाही.

"पुलाची पाटी आली. वेग तीस."

वेग तीसवर आला.

"स्टेशनचा होम सिग्नल पिवळा. सावकाश."

"पिवळा," वॉकीटॉकीतून आवाज आला. आणि जरा थांबून, "सावकाश."

चौदा किलोमीटर हे असं चाललं. दोघं इतके शब्द नऊ वर्षांत एकमेकांशी बोलले नव्हते.

शेवटच्या स्टेशनावर गाडी तीन तास थांबायची. कर्मचाऱ्यांसाठी फलाटाच्या टोकाला विश्रांतीची खोली होती, दोन खाटा, एक टेबल, भिंतीवर नियमांचा तक्ता. एरवी गार्ड डबा घेऊन बाहेर बाकावर बसायचा आणि खोली ड्रायव्हरला सोडायचा. आज तो आत आला. ड्रायव्हर खाटेवर बसून बुटांचे बंद सोडत होता. बोटांनी चाचपून सोडत होता, डोळे भलतीकडेच होते.

"लिहिणार?" ड्रायव्हरने विचारलं.

"ब्रेक मी ओढला. का ओढला ते लिहावं लागेल."

"फाटक बिघडलं होतं, हे खरंच आहे. तेवढंच लिहा."

"कधीपासून आहे हे?"

ड्रायव्हरने सुटलेला बंद बोटाला गुंडाळला. मग म्हणाला, "दीड वर्षं. मोतीबिंदू आहे म्हणतात. दोन्हीकडे. दुधातून बघितल्यासारखं दिसतं."

"आणि गेल्या वर्षीची तपासणी?"

"अक्षरांचा तक्ता काय, तीस वर्षं तोच आहे. पाठ आहे मला. उलटासुद्धा म्हणून दाखवतो." तो हसला, आणि ते हसू लगेच विरलं. "अकरा महिने राहिलेत. आजवर एकही शेरा नाही माझ्या नावावर. आंधळा म्हणून खाली उतरवतील, घरी पाठवतील. सगळे म्हणतील, माणसं मारायला निघाला होता." तो जरा पुढे झुकला. "आलो तसे जाऊ परत. तुम्ही सांगा, मी चालवतो. जमलं की आज! कुणाला कळलं?"

गार्डला क्षणभर मोह झाला. तो मोह गाडीचा नव्हता. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो आवाज, 'हिरवा', 'पिवळा', 'सावकाश'. अकरा महिने. घरी आल्यावर भिंतींशी बोलणाऱ्या माणसाला ही केवढी चैन! पण बसच्या काचेतले ते चेहरे त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात.

"तुम्ही स्वतः जाऊन मास्तरांना सांगा, दादा," तो म्हणाला. ती 'दादा' म्हणायची म्हणून तोही म्हणायचा. नऊ वर्षांनी तो शब्द तोंडातून कसा निघाला ते त्याला कळलं नाही.

ड्रायव्हरने बुटांचे बंद परत बांधले आणि तो बाहेर निघून गेला.

तीन चाळीसला सुटायचा सिग्नल पडला. फलाट रिकामा झाला, दारं लागली. पुढून शिट्टी झाली. वॉकीटॉकी बोलला, "गार्ड, ड्रायव्हर तयार."

गार्ड आपल्या दारात उभा होता. हिरवा झेंडा त्याच्या काखेत गुंडाळलेला होता. तो तिथेच राहिला.

"गार्ड, ड्रायव्हर तयार."

तीन त्रेचाळीस. परत शिट्टी, या वेळी लांबलचक. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. "अहो, कुठे माशी शिंकली?" कुणीतरी विचारलं. स्टेशनमास्तर टोपी सावरत धावत आला.

"टाइमटेबल, अहो झेंडा! सिग्नल कधीचा पडलाय!"

"थोडा वेळ द्या, साहेब."

"कशाला?"

"ते ड्रायव्हर सांगतील."

मास्तर त्याच्याकडे बघतच राहिला. हा माणूस बायको मरत असताना गाडी वेळेवर घेऊन गेला, हे त्या मार्गावर सगळ्यांना ठाऊक होतं. आणि आज हा भर दिवसा, मोकळ्या सिग्नलवर गाडी अडवून उभा होता.

तीन बावन्नला ड्रायव्हर खाली उतरला. उजवा हात डब्यांना लावत, एकेक डबा मोजत आल्यासारखा तो मागे आला. गार्डच्या दारापाशी उभा राहिला. प्रवासी बघत होते, म्हणून तो हळू आवाजात बोलला.

"सूड घेताय?"

"नाही."

"त्या दिवशी नाही थांबवली गाडी. माझी बहीण तिकडे शेवटचे श्वास मोजत होती, तेव्हा तुमची गाडी थांबत नव्हती. आज बरी थांबली!"

याला गार्डकडे उत्तर होतं, नऊ वर्षं तयार असलेलं. चारशे माणसं, नियम, बदली गार्ड. पण ते त्याला बाहेर काढवेना. "तेव्हाही थांबवायला हवी होती," तो म्हणाला. "मला सुचलं नाही, दादा. मला नुसता झेंडा दाखवायचं ठाऊक होतं."

ड्रायव्हरने समोर पाहिलं, गार्डच्या चेहऱ्याकडे, पण त्याला चेहरा दिसत होता की दुधातला एक काळा ठिपका, कोण जाणे. मग तो मास्तरकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "साहेब, मला दिसत नाही. दुसरा ड्रायव्हर मागवा."

दुसरा ड्रायव्हर यायला दोन तास गेले. प्रवाशांनी शिव्या घातल्या, त्या दोघांनी वाटून घेतल्या. गाडी सुटली तेव्हा ड्रायव्हर शेवटच्या डब्यात प्रवाशासारखा बसला होता, गार्डच्या खोलीला लागूनच्या बाकावर. मधल्या काचेतून गार्डला त्याचं पाठमोरं डोकं दिसत होतं. अख्ख्या प्रवासात ते वळलं नाही. मुक्कामी पोचल्यावर पायरी चुकून ड्रायव्हर अडखळला. गार्डने धरायला हात पुढे केला तेवढ्यात एका अनोळखी बाईने त्याला सावरलं. तिचे आभार मानून तो निघून गेला.

चौकशी झाली. ड्रायव्हरला गाडीवरून उतरवून कायमचं घरी बसवलं, पण स्वतःहून सांगितलं म्हणून निवृत्तीचे सगळे हक्क शाबूत राहिले. गार्डला रानातून गाडी पुढे नेल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. पहिली आणि शेवटची. डेपोत मात्र निकाल आधीच लागला होता. म्हाताऱ्याला अकरा महिने काढू दिले नाहीत, जुनं उट्टं काढलं. उपाहारगृहात गार्ड चहाचा पेला घेऊन बसला की टेबलावरची बोलणी थांबायची. कुणी उठून जात नसे, तेवढी सभ्यता होती, पण चमचे फार मोठ्याने वाजत. नवा ड्रायव्हर तरुण होता, वॉकीटॉकीवर 'तयार' म्हणण्याऐवजी नुसतं 'ओके' म्हणायचा.

तीन महिन्यांनी वहिनींचा, म्हणजे ड्रायव्हरच्या बायकोचा फोन आला. "दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. रविवारी या." मग आवाज खाली आणून, "मी बोलावलं असं सांगू नका हं. सहज आलो म्हणा."

नऊ वर्षांत तो त्या घरी सहज काय, मुद्दामही गेला नव्हता. तरी तो गेला. ड्रायव्हर गॅलरीत काळा चष्मा लावून बसला होता. वहिनींनी चहा ठेवला आणि त्या मुद्दाम आत भांडी वाजवत बसल्या.

"सहज आलो," गार्ड म्हणाला.

"हिला खोटं बोलता येत नाही, आणि तुम्हालाही." ड्रायव्हरने चष्मा काढून पुसला. डोळे लालसर होते, पण स्वच्छ. "बारीक झालात."

"वय झालं."

"समोरच्या इमारतीवर कबुतरं बसतात. सतरा आहेत. मला वाटायचं, ते कठड्याचं नक्षीकाम आहे."

दोघंही थोडं हसले. चहा निवला. ड्रायव्हर बाहेर बघत बोलू लागला.

"त्या दिवशी ती सारखी विचारत होती, यांची गाडी आली का? मी नाही, नाही म्हणत होतो. शेवटी मला बघवेना. म्हटलं, आली. स्टेशनवरून निघालेत."

गार्डने कप खाली ठेवला.

"म्हणाली, मग दहा मिनिटांत येतील, ते कुठे थांबत नाहीत. उठून बसायला लागली. म्हणाली, दादा, केस विंचरून दे, असा अवतार नको. मला कुठे येतात हो बायकांचे केस विंचरायला? पण विंचरले. आणि ती दाराकडे बघत बसली. दहा मिनिटं झाली, वीस झाली..." त्याने चष्मा परत लावला. "माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं मी तुमच्यापायी बोललो. ते मला तुम्हाला माफ करता आलं नाही."

गार्डने एवढंच विचारलं, "रागावली होती?"

"तेच तर! जराही नाही. ती म्हणाली, चारशे माणसं असतात त्यांच्या गाडीत."

आतली भांडी थांबली होती. गार्ड उठला. निरोप घेताना काय म्हणतात ते त्याला आठवेना. वहिनी दारापर्यंत आल्या, पदराने डोळे टिपत, "पुन्हा या" म्हणाल्या. गॅलरीत ड्रायव्हर कबुतरांकडे बघत होता.

परतीच्या गाडीत तो प्रवासी म्हणून बसला. रविवार असल्यामुळे डबा जवळजवळ रिकामा होता. गाडी सहा मिनिटं उशिरा सुटली. त्याने घड्याळ पाहिलं नाही. खिडकीला डोकं टेकून तो त्या दहा मिनिटांचा विचार करत होता, ज्यांत ती केस विंचरून, दाराकडे तोंड करून, अगदी निश्चिंत बसली होती. निदान तेवढा वेळ तिच्या हिशेबी तो वाटेत होता.

समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले आणि त्यांनी विचारलं, "का हो, पुढच्या स्टेशनवर ही गाडी थांबते का?"

"थांबते," गार्ड म्हणाला, आणि त्याला रडू आलं. म्हातारे गृहस्थ गोंधळले. त्यांनी जरा वेळ इकडे-तिकडे पाहिलं, मग आपली पिशवी मांडीवर घेतली आणि बाहेर बघत राहिले.